जयाच्या आजीची पापं

मंडळी, दुपारपासून डोकं चालेनासं झालंय, म्हणून तुम्हालाच विचारते.

इथे आखातात, अहमदीच्या आमच्या क्लिनिकमध्ये जया नावाची नर्स आहे, ऊटीजवळची. चार वर्षं मी तिला तमिळच समजत होते. आज तिची आजी गेली. ब्रेकमध्ये ती फोनवर अंत्यविधी बघत बसली, तेव्हा कळलं की ती तिथल्या डोंगरातल्या बडगा समाजाची आहे आणि त्यांची भाषाच वेगळी आहे.

फोनमध्ये एक म्हातारे गृहस्थ एकेक ओळ म्हणत होते आणि जमलेले लोक मागून एकच शब्द बोलत होते. मला वाटलं, आजीचं कौतुक चाललंय.

"नाही दीदी, पापं सांगतायत," जया म्हणाली. "पाल मारली, बांधाचा दगड सरकवला, भावाभावांत भांडण लावलं."

"आजीने केलं होतं हे?"

"छे. सगळ्यांसाठी हेच म्हणतात. चारचौघांत बोललं की माफ होतं."

"फार चांगल्या होत्या गं," असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

माझ्या सासूबाई गेल्या तेव्हा मीही सगळ्यांसमोर गोडच बोलले होते. तीन वर्षं झाली, त्यांच्या पापांची यादी अजून माझ्या मनात तशीच आहे.

तुमच्याकडे आहे का अशी कुणाची?