हिराजीभाऊंचा पाण्याचा नकाशा

शिरढोणहून हिराजीभाऊंच्या सुनेचा फोन आला तेव्हा मी पेन्सिलींना टोक काढत बसलो होतो. “सर, आबा गेले. चहा मागितला म्हणून घेऊन आले, तर...” त्या सकाळी आम्हा दोघांना पनवेलच्या जुन्या वस्तीतली एक गल्ली पाहायची होती. त्याला आता दीड महिना झाला.

हिराजीभाऊ पाणीखात्यात चावीवाले होते. रस्त्यातलं लोखंडी झाकण उचलायचं, लांब दांड्याची चावी आत घालून व्हॉल्व्ह फिरवायचा, एका आळीला तासभर पाणी सोडायचं आणि मग पुढच्या आळीकडे निघायचं. उभ्या नोकरीत त्यांनी हेच केलं. मी तेवढीच वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. आमच्या नळाला पाणी कोण सोडतं, याचा विचार मी कधी केला नव्हता.

निवृत्त झाल्यावर पहिले चार महिने मी बायकोला छळलं. स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले आणि त्यांवर वळणदार अक्षरात नावं घातली. ती म्हणाली, “अक्षर छान आहे, पण माझी तूरडाळ कुठे गेली?” हसण्यावारी नेलं खरं, पण आतून मी पार खचलो होतो. सकाळी जाग आली की उठायचं कशासाठी, तेच कळत नसे. हे मी कुणाजवळ बोललो नाही.

अशात एक दिवस पाणी आलं आणि दहा मिनिटांत गेलं. बादल्या हातात घेऊन अख्खी आळी नाक्यावरच्या व्हॉल्व्हपाशी जमली. तिथे नवा चावीवाला गोंधळून उभा होता आणि त्याच्या शेजारी हिराजीभाऊ, मान खाली घालून. झालं होतं असं, की ते आदल्याच दिवशी निवृत्त झाले होते. हार, शाल, नारळ, सगळं रीतसर झालं होतं. तरी पहाटे सवयीने उठले, घरी पडलेली जुनी चावी स्कूटरला बांधून पनवेलला आले आणि आमचा व्हॉल्व्ह उघडून पुढे गेले. मागून नवा माणूस आला. व्हॉल्व्ह उघडा दिसला. कालचा चुकून राहिला असेल असं वाटून त्याने तो बंद केला. लोक त्याच्यावर तुटून पडले, तेव्हा गलका ऐकून मागे फिरलेले हिराजीभाऊ पुढे झाले.

“त्याला बोलू नका. चूक माजी हाय. आमी काल रिटायर झालो, पन पायांना सांगायचं रायलं.”

कुणी हसलं, कुणी चिडलं. मला मात्र भरून आलं. रिकामी बादली तशीच घेऊन मी त्यांना घरी चहाला आणलं.

चहा पिता पिता ते म्हणाले, “चावीचं काय नाय, सर. पन जुन्या वस्तीत पाइप कुठून कुठं गेलाय त्याचा कागद नाय. टाकनारे गेले. आता आमाला म्हाईत हाय, ते आमच्यासंगती जाईल.” त्यांची खरी भीती ही होती. मी आत जाऊन ड्रॉइंगचा कागद घेऊन आलो.

पुढची दोन वर्षं आठवड्यातले चार दिवस आम्ही गल्ल्या तुडवल्या. भाऊ लोखंडी सळईचं एक टोक जमिनीला लावत, दुसरं कानाशी धरत आणि खालून वाहणारं पाणी ऐकत. मग खडूने रस्त्यावर रेघ मारत. ती मी कागदावर उतरवायचो. एकदा हौसेने मी कडेला पिंपळही काढला, तर म्हणाले, “झाड सगल्यांना दिसतंय, सर. तुमी पाइप काढा.” पाणीखात्यातल्या तरुण इंजिनियर मॅडम खोदकामाआधी फोन करू लागल्या, “भाऊ, जरा येऊन जाता का?” त्या दिवशी भाऊ इस्त्रीचा शर्ट घालत. खोटं कशाला बोलू, मीही घालायचो. त्या दोन वर्षांत उठायचं कशासाठी हा प्रश्न मला एकदाही पडला नाही. हे त्यांचे उपकार आहेत आणि ते मी त्यांना तोंडावर कधी सांगितले नाहीत.

शेवटी शेवटी त्यांना दम लागायचा. ते एखाद्या ओट्यावर बसत आणि सळई माझ्या हातात देत. मला काही ऐकू येत नसे. मी वैतागायचो, “तुम्हाला ठाऊक आहे ना? मग सांगून टाका की.”

“आमी सांगितलं तर तुमाला आयकू कवा येनार?”

ते गेले तेव्हा तीन गल्ल्या राहिल्या होत्या. तेराव्यानंतर त्यांच्या मुलाने सळई माझ्याकडे आणून दिली. दोन आठवडे मी तिला हात लावला नाही. मग एका सकाळी एकटाच गेलो. कान लावला. आधी रिक्षा, मग कुणाच्या तरी कुकरची शिट्टी... आणि त्या सगळ्याखाली बारीक, न थांबणारा आवाज. मी तिथेच उकिडवा बसून रडलो आणि मग रेषा ओढली.

चार दिवसांनी त्याच गल्लीत खोदायचं निघालं. मॅडमनी मला बोलावलं. पाइप निघाला, पण माझ्या रेषेच्या हातभर डावीकडे. मी ओशाळलो. मॅडम म्हणाल्या, “सर, एवढं चालतं.”

भाऊंना ते चाललं नसतं. मी रबराने रेषा खोडली, हातभर डावीकडे नवी ओढली आणि सळई उचलून पुढच्या गल्लीत गेलो.