पंचवीस विपळांचा फरक

"साहेब, तिवईचा पाय जरा तिकडं घ्या. माझ्या खिळ्याला लागून राह्यला."

भोकरदनच्या अलीकडच्या एका खेड्यात, नाना जोशींच्या माळवदावर मी थिओडोलाइट उभा करत होतो. थिओडोलाइट म्हणजे तीन पायांवर बसवलेली, कोन मोजायची दुर्बीण. निजामाच्या राज्यात सर्व्हेच्या नोकरीला लागून मला फार दिवस झाले नव्हते. तालुक्याचे नकाशे दुरुस्त करायचं काम होतं, आणि आसपासच्या तिन्ही टेकड्यांवरच्या खुणा दिसतील असं गावात हे एकच छत होतं. म्हणून नानांची परवानगी घेऊन वर चढलो होतो. त्यांचा खिळा मी पाहिलाच नव्हता.

खिळा म्हणजे फरशीत रोवलेला वीतभर लोखंडी गज. त्याच्या पायापासून उत्तरेकडे एक रेघ कोरलेली होती. सूर्य माथ्यावर आला की गजाची सावली बरोबर त्या रेघेवर यायची. ते गावाचं मध्यान्ह. दुपारी उन्हाच्या झळांमुळे दुर्बिणीतून लांबचं धड दिसत नाही, त्यामुळे मी रिकामाच होतो. गंमत म्हणून नानांची रेघ माझ्या यंत्राने तपासली. ती इतकी बरोबर निघाली की माझंच काहीतरी चुकलं असेल असं वाटून मी पुन्हा तपासली.

"कधी कोरली ही?" मी विचारलं.

"पोरीचं लगीन झालं त्या साली."

पोरीचं नाव गोदा. एकुलती एक. उज्जैनला दिली. जावई तिथल्या कापडगिरणीत कारकून. जालन्याहून मनमाड, मनमाडहून खंडवा, तिथून पुन्हा गाडी बदलायची. अकरा वर्षांत ती एकदाच माहेरी आली होती. नाना तर एकदाही गेले नव्हते. तिला मूलबाळ नव्हतं, आणि नातवाचं तोंड दिसेपर्यंत लेकीच्या घरचं अन्न घ्यायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. जेवायचं नाही तर जाऊन राहायचं कसं?

"जातानी तिला सांगितलं," नाना म्हणाले, "सूर्य डोक्यावर आला की अंगणात उभी ऱ्हाय. मी बी वर येतो. उज्जैनची रेघ आपल्या गावावरूनच जाती. तुझं मध्यान्ह तेच माझं."

इथे थोडं समजावून सांगायला हवं. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे विषुववृत्त कुठे धरायचं हे तिचं तीच सांगते. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या उभ्या रेघांचं तसं नाही. सगळ्या सारख्याच. त्यांतली पहिली, म्हणजे शून्याची, कोणती हे माणसांनी बसून ठरवावं लागतं. आपल्या जुन्या ज्योतिषांनी ती उज्जैनवरून धरली. इंग्रजांनी लंडनजवळच्या ग्रिनिचवरून धरली. तिथल्या वेधशाळेत एक मोठी दुर्बीण आहे. तिच्या आत कोळ्याच्या जाळ्याचा उभा धागा ताणलेला आहे. तो धागा म्हणजे जगाचं शून्य. पुढे बहुतेक देशांनी ते मान्य केलं आणि आमचे नकाशेही तिथूनच मोजले जाऊ लागले. एकाच उभ्या रेघेवरच्या सगळ्या गावांना मध्यान्ह एकाच क्षणी होतं. नानांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. प्रश्न एवढाच, की गाव खरोखर त्या रेघेवर होतं का.

"ते तुमच्या यंत्राला इचारा," नाना म्हणाले. "माळवदाचं भाडं म्हणून एवढं करा. माझ्या बापानं सांगितलं, त्याच्या बापानं सांगितलं. मोजलं कुणीच न्हाई."

मी दोन दिवस कोन मोजले. खात्याच्या जुन्या वहीतून टेकड्यांचे आकडे घेतले आणि माळवदाचा रेखांश काढला. उज्जैनचा रेखांश माझ्याजवळच्या नव्या छापील कोष्टकात होता. दोन्ही शेजारी मांडले. फरक निघाला जवळजवळ अडीच मिनिटांचा. ही मिनिटं कोनाची, घड्याळाची नव्हेत. जमिनीवर म्हणाल तर अडीच मैलांच्या थोडं वर. आमचं माळवद उज्जैनच्या रेघेच्या पूर्वेला पडत होतं.

तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. लेक लांब असणं म्हणजे काय, हे मला ठाऊक नव्हतं, आणि आपण काढलेल्या आकड्याचा माज मात्र भरपूर होता. मी नानांना आकडा सांगून टाकला, वर शाबासकी मिळावी अशा आवाजात.

ते काही वेळ बोटं मोजत राहिले. "पंचवीस विपळं," म्हणाले.

विपळ म्हणजे पळाचा साठावा भाग. पंचवीस विपळं म्हणजे आपले दहा सेकंद. हिशेब बिनचूक होता.

"म्हणजे माझं आधी होतं. तिचं होतं तवा मी खाली उतराया लागलेलो असतो."

"नाना, दहा सेकंदांत कोण उतरतं?"

त्यांनी ऐकलं नाही. "अडीच मैल. पश्चिमेला न्हाई का?"

मी हो म्हणालो, सामान आवरलं आणि छावणीबरोबर टेंभुर्णीला गेलो. ते माघातलं. दोन महिने मला नानांची आठवणही झाली नाही, हे कबूल करतो.

चैत्रात टेंभुर्णीचं काम संपवून आकडेमोडीचे कागद जालन्याच्या कचेरीत नेले. आमचे मोहतमीम, म्हणजे वरिष्ठ, कादरी साहेब. त्यांनी माझा कागद नव्या नकाशावर ठेवला आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"क्यों जी, ये टेंभुर्णी कहाँ बिठा दिए आप?"

"जी, जिथं आहे तिथंच."

"अढाई मिनट पूरब में बैठी सो. पूरा गाँव उठाके ले गए आप. कौनसी वही से आँकड़े लिए?"

मी वही दाखवली. त्यांनी तिचं शेवटचं पान उघडलं. तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत, इंग्रजीत एक ओळ होती: ग्रिनिचपासून मोजायचं असेल तर प्रत्येक रेखांशातून अमुक इतकं वजा करावं. ते अमुक इतकं म्हणजे तेच, जवळजवळ अडीच मिनिटं.

कादरी साहेबांनी चहा मागवला आणि मला समजावलं. हिंदुस्थानातले सगळे रेखांश मद्रासच्या वेधशाळेला बांधलेले. मद्रास ग्रिनिचपासून किती पूर्वेला, हे पहिल्यांदा काढलं गेलं ते ताऱ्यांवरून आणि चंद्रावरून. पुढे समुद्रातून तार आली. तारेवरून दोन्हीकडची वेळ सरळ ताडून पाहता आली, आणि कळलं की मद्रास अडीच मिनिटं जास्त पूर्वेला धरलं गेलं होतं. जुन्या वह्या मात्र तशाच राहिल्या. तळाला एक ओळ छापून मोकळे झाले.

"तो फिर मद्रास सरक गया?" मी विचारलं.

"अकेला कोई नहीं सरकता जी. पूरा हिंदुस्तान एकसाथ सरकता."

चहा तसाच राहिला. पूर्ण हिंदुस्थान एकत्र सरकतो, म्हणजे नानांचं गाव आणि उज्जैनही एकत्रच सरकणार. दोघांमधला फरक काही बदलायचा नाही. मी गावाचा आकडा जुन्या वहीतून घेतला होता आणि उज्जैनचा नव्या कोष्टकातून. दोन आकड्यांची शून्यं वेगळी, आणि मी एकातून दुसरा वजा केला होता. पहिल्या महिन्याचा शिकाऊ उमेदवारही करणार नाही अशी चूक. नीट वजाबाकी केली तर उरत होतं ते हाकेच्या अंतराएवढं. नानांचे वाडवडील बरोबर होते.

"दोन दिवसांची रजा पाहिजे," मी म्हणालो.

"काय कू?"

"एक आदमी को गलत बताया."

साहेबांनी अर्जावर सही केली.

गावात पोचलो तेव्हा ऊन चढलं होतं. जोशीकाकू दारात तांदूळ निवडत होत्या. नाना घरात आहेत का, विचारलं.

"रेघेवर गेलेत," काकू म्हणाल्या.

"कुठल्या?"

"तुम्हीच सांगितलं न्हवं का? अडीच मैलावर. रोज जात्यात. सकाळी निघायचं, दुपार करायची, अन् पाय ओढत यायचं. गुडघे सुजलेत. मी बोलले तर म्हणत्यात, ती तिथं एकटी उभी ऱ्हाती."

मला तिथेच जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. पाणीही न पिता पश्चिमेची पायवाट धरली.

ज्वारी काढलेल्या रानात नाना उभे होते. डोक्यावर उपरणं, पायापाशी एक काठी रोवलेली, चुन्याची रेघ. सावली रेघेवरून नुकतीच पुढे गेली होती. शेताचे मालक बाबूमियाँ बांधावरून लोटा घेऊन येत होते. मला म्हणाले, "हमारे खेत में से उज्जैन की लकीर निकली बोले पंडतजी. उतना टुकड़ा नांगरने का छोड़ दिया मैं."

मी नानांना सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. वही, कोष्टक, तळाची ओळ. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे घरच रेघेवर हाय."

"होय."

"अन् दोन महिने मी चुकीच्या जागी उभा."

"होय, नाना. माझ्यामुळे."

त्यांनी काठी उपटली आणि चालू लागले. मी मागून. घर येईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, आणि ते मला बरोबरच वाटलं.

घरी काकूंनी एक पाकीट पुढे केलं. नानांनी रेघेचं उज्जैनला कळवलं होतं, त्याचं उत्तर सकाळी डाकवाला देऊन गेला होता. गोदाचं अक्षर बारीक होतं आणि नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्यांनी ते माझ्याकडे दिलं. मी वाचू लागलो. खुशाली झाली. मग एका ओळीशी मी अडखळलो.

"काय झालं? वाचा," नाना म्हणाले.

मी वाचलं. "नाना, पंचवीस विपळांसाठी उन्हात चालत जाऊ नका. मी तुम्हाला आजवर सांगितलं नाही, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. आम्ही गिरणीच्या चाळीत राहायला आलो त्याला आठ वर्षं झाली. इथे अंगण नाही. दुपारचं ऊन कुठेच येत नाही. सूर्य माथ्यावर कधी येतो ते मला कळत नाही. गिरणीचा बाराचा भोंगा झाला की मी दाराशी उभी राहते. तेच आपलं मध्यान्ह धरते."

मी पत्र परत दिलं. मग नानांनी विचारलं, "भोंग्याचे बारा म्हंजे आपले किती?"

गिरणी रेल्वेच्या वेळेने चालते, आणि रेल्वेची वेळ आपल्या पूर्वेला, अलाहाबादच्या बाजूला असलेल्या एका रेघेची असते. तिथे सूर्य आधी माथ्यावर येतो. येताना बदनापूरच्या स्टेशनात रेल्वेच्या वेळेशी जुळवून घेतलेलं घड्याळ माझ्या खिशात होतं. हिशेब कठीण नव्हता. सांगणं कठीण होतं.

"सत्तावीस मिनिटं आधी," मी म्हणालो.

मला वाटलं, हा माणूस आता कोसळणार. दहा सेकंदांसाठी ज्याने गुडघे सुजवले, त्याला मी सत्तावीस मिनिटं सांगत होतो. तीही आठ वर्षांची.

बोलल्या त्या काकू. "म्हंजे मी भाकऱ्या थापत असते तवा," त्या म्हणाल्या. "ती तिथं उभी ऱ्हाती, अन् मी इथं चुलीपाशी." मग पदर तोंडाला लावून त्या रडल्या. आजवर हे मध्यान्ह बाप-लेकीचंच होतं. त्यात आईला जागा आहे हे कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

नाना बराच वेळ पत्र हातात धरून बसले. अक्षर दिसत नव्हतं तरी.

"उद्या तुमचं घड्याळ घेऊन वर या," शेवटी म्हणाले. "भोंगा होतो तवा माझ्या गजाची सावली कुठं ऱ्हाती, ते दाखवा."

"नाना, ती खूण वर्षभर चालायची नाही. सूर्याची चाल कमी-जास्त होते. आज सत्तावीस, कार्तिकात अकरा-बारा, माघात चाळीसच्या वर."

"ते गणित माझ्याकडं. तेवढं मला येतं. महिन्या-महिन्याला खूण सरकवीन."

दुसऱ्या दिवशी माझ्या घड्याळात बारा झाले तेव्हा सावली कोरलेल्या रेघेच्या पश्चिमेला, फरशीच्या कोऱ्या भागावर पडली होती. शास्त्राच्या दृष्टीने त्या जागेला काही अर्थ नव्हता. नानांनी तिथे गेरूचा ठिपका दिला आणि उत्तरेकडे तोंड करून उभे राहिले. काकू पहिल्यांदाच माळवदावर आल्या होत्या. पिठाचे हात तसेच होते. मी दोघांच्या मागे घड्याळ धरून उभा होतो आणि मला कुणाची तरी इतकी आठवण येत होती, की ती कोणाची हेही मला कळेना.

जालन्याला परतलो तेव्हा कादरी साहेबांनी विचारलं, "हुआ दुरुस्त?"

"जी नहीं. और सत्ताईस मिनट निकले."

पुढे तीस वर्षं मी हेच काम केलं. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक उमेदवाराला पहिल्या दिवशी एकच सांगायचो: दोन आकडे वजा करण्याआधी दोघांचं शून्य विचारून घ्या. ते कशासाठी सांगतो, हे मात्र त्यांच्यापैकी कुणाला कधी सांगितलं नाही.