आप्पांचा वारा

आमच्या आप्पांना वारा कानाने कळायचा. पहाटे उठले की अंगणात येऊन डोक्यावरची टोपी काढायचे, मान तिरकी करायचे आणि उजवा कान माळाकडे लावून उभे राहायचे. मग निकाल सांगायचे, "आज धा वाजंपतूर गप हाय. मग घुमणार." दहा वाजता वारा घुमायचा. पुण्यात मी मोबाइलवर हवामान बघतो आणि छत्री विसरून भिजतो, ती गोष्ट वेगळी.

आप्पा म्हणजे माझे धाकटे चुलते. वडूजपासून तासाभराच्या वाटेवर, माळाच्या कडेला त्यांचं घर. ज्वारी निघाली, लिंबाला तांबूस पालवी फुटली, पांगारा लालभडक झाला आणि चिमण्या काड्या पळवायला लागल्या, की आप्पांना घरात बसवत नसे. कारण आता कडब्याच्या पेंड्यांची गंज रचायची वेळ. अख्ख्या पंचक्रोशीत त्यांच्यासारखी गंज कुणाला रचता येत नसे. पेंडीचे बुडखे बाहेर, शेंडे आत, आणि वर असा उतार की वळवाचा थेंबही आत शिरायचा नाही. लोक पहाटे दारात येऊन हाक मारायचे, "आवं आप्पा, चला की!" आप्पा चहासुद्धा अर्धा टाकून निघायचे. बदल्यात एक पेंडी कधी घेतली नाही.

दुसरं म्हणजे हा माणूस खोटं बोलत नसे. बोलत नसे म्हणजे त्याला जमतच नसे! एकदा बाजारात गोऱ्हा विकायला नेला. गिऱ्हाईक ठरलं, हातावर हात पडणार, तेवढ्यात आप्पा म्हणाले, "पावणं, डाव्या अंगानं जाऊ नगा, लाथ मारतंय." गिऱ्हाईक गेलं. काकी आठवडाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आप्पांचं एकच म्हणणं, "आरं, उद्या त्येच्या पोराला लागली असती मंजी?" गावात एखादा वाद लागला की माणसं म्हणायची, आप्पाला विचारा, आप्पा म्हणेल ते खरं.

चार वर्षांपूर्वी शिमगा झाल्यावर मी दोन दिवस गावी गेलो होतो. काकी तासगावला लेकीकडे गेल्या होत्या. आप्पांनी पहाटे कान लावला आणि मला बजावलं, "बांध पेटवायचा ऱ्हायलाय, पर आज हात लावू नगंस. आज वारं बसणार न्हाई. आदी गंजीभवती नांगराचा तास मारू, मंजी जाळ आत शिरायचा न्हाई. मग बगू." एवढं सांगून ते शेजारच्या वस्तीवर सदाभाऊंची गंज रचायला गेले.

आणि मी शहाणा! म्हटलं, म्हातारा माणूस एकटा किती राबणार, दुपारच्या एसटीने जायच्या आत एक काम उरकून टाकू. अकरा वाजता मी बांधावरच्या कुसळी गवताला काडी लावली. पाच मिनिटं सगळं झकास चाललं होतं. मग माळावरून वावटळ उठली, पेटतं गवत उचललं आणि नेऊन थेट गंजीवर टाकलं.

मी लिंबाचा डहाळा घेऊन झोडपत होतो, ओरडत होतो, रडत होतो. आप्पा सदाभाऊंची गंज अर्धी टाकून धावत आले. त्यांनी गंजीकडे बघितलंसुद्धा नाही. आधी दोन्ही खिलार बैलांची दावी तोडली. अर्ध्या तासात वर्षाचा चारा संपला. पाऊस अजून तीन महिने लांब होता.

माणसं जमली. सदाभाऊंनी विचारलं, "कुनी पेटिवलं ह्ये?" मी तोंड उघडलं, तर आप्पांचा काळा झालेला हात माझ्या खांद्यावर घट्ट बसला. "म्या. पहाटं येताना बांध पेटिवला. इझला वाटलं." कुणी दुसरा प्रश्न केला नाही. आप्पाच सांगतायत म्हटल्यावर कोण कशाला करेल?

आप्पा एसटीपर्यंत सोडायला आले तेव्हा, खरं सांगू द्या म्हणून मी हात जोडले. ते म्हणाले, "मला लय वरसं चांगला म्हनल्यात. येक वरीस वाईट म्हनू दे. कुणापाशी बोललास तर माजी आण हाय."

एका वर्षावर भागलं असतं तर! चाऱ्यासाठी ते दारोदार फिरले. पहिल्यांदा लोकांनी पेंड्या दिल्या, मग दारं लोटायला लागले. लिंब-पिंपळाचा पाला ओरबाडून बैल किती दिवस जगणार? मी पुण्याहून चारा पाठवायचं म्हटलं, तर आप्पांनी फोनच ठेवून दिला. वैशाखात बैल बाजारात गेले आणि आप्पा खांद्यावर नुसती दोन दावी टाकून चालत परत आले.

पुढच्या वसंतात लिंब फुटला. आप्पा पहाटे अंगणात कान लावून उभे राहत आणि मग ओट्यावर बसून वाट बघत. ज्याला स्वतःची गंज राखता आली नाही त्याला कोण बोलावणार? एक दिवस त्यांचाच फोन आला. "आरं, फागून सरला की. कुनीच बोलवाय आलं न्हाई." मी म्हटलं, "आप्पा, आता तरी सांगू द्या मला." ते म्हणाले, "न्हाई. वारं लय सुटलंय बग," आणि फोन ठेवला. त्याच्या पुढच्या चैत्रात ते गेले. शेवटपर्यंत त्यांना कुणी बोलावलं नाही.

यंदा शिमग्याला गेलो तर सदाभाऊ आपल्या अंगणात गंज रचून घेत होते. गड्यांना ओरडत होते, "भवतीनं तास मारा रं! आप्पावानी निष्काळजीपणा नगं."

माझ्याच्याने राहवलं नाही. आण मोडली. मी म्हणालो, "सदाभाऊ, ती गंज मी पेटवली. आप्पांनी मला नको म्हणून सांगितलं होतं." मी सगळं सांगितलं, गवत, वावटळ, खांद्यावरचा हात. बोलता बोलता मला रडू फुटलं.

सदाभाऊंनी हातातली पेंडी खाली ठेवली. जवळ येऊन माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"चुलत्यावर लय माया तुजी," ते म्हणाले. "पर आसं कशाला बोलावं, गड्या? त्यो सोता माज्याम्होरं बोललाय. आनि आप्पा कवा खोटं बोलला न्हवता."