शेवंतीवरची गाठ
शेवंतीचा वास आला की राहात्यातलं आमचं पत्र्याचं शेड आठवतं. परदेशी कंपनीचं वायरींचे जुडगे दोऱ्यानं बांधायचं काम घेतलं आणि शिकवलेली पोरं पुण्याला निघून गेली. शेवटी मी शिर्डीहून फुलांचे हार बांधणाऱ्या बायका आणल्या. काम हातचं गेलं असतं तर शेडला कुलूपच लागलं असतं. तपासायला आलेल्या कंपनीच्या साहेबानं त्यांनी बांधलेला एक जुडगा ओढला, झटकला, टेबलावर आपटला. एकही गाठ हलली नाही. “कुठं शिकलात?” त्यानं विचारलं. त्यांच्यातल्या थोरल्या बाई मान वर न करता म्हणाल्या, “फुलाच्या दुकानात. देवाच्या गळ्यात हार सुटून चालत न्हाई, साहेब.” साहेबानं तिथंच वर्षभराचं काम दिलं. आज शेड तिप्पट मोठं झालंय, आणि नवी बाई आली की थोरल्या बाई गाठ शिकायला तिच्या हाती आधी शेवंतीच देतात.