तुमनाकडे लाईट शे का?

मंडळी, दुपारपासून कशात लक्ष लागत नाही, म्हणून इथं लिहितेय.

पाचोऱ्यात आमच्या शेजारी वाढलेला दिनू आज आला होता. आता रॉक बँडवाला, मोठं नाव. महिन्यापूर्वी त्याची माय गेली, म्हणून घर रिकामं करायला आला.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. तो रेडिओला गिटार जोडून दिवसभर वाजवायचा आणि माझी बारावी होती. दोन्ही घरांचे फ्यूज सामाईक ओट्यावर. मी हळूच त्याचा काढून ठेवायचे. मग भिंतीपलीकडून हाक यायची, "तुमनाकडे लाईट शे का?"

मी म्हणायचे, "नही शे." म्हणजे आमच्याकडेही लाईट नाही.

लाईट एरवीही जायचीच, त्यामुळे कुणाला शंका आली नाही.

आज चहा पिताना तो म्हणाला, "उषा, इथं लाईटच टिकायची नाही गं, म्हणून मुंबईला पळालो. नाहीतर मायला एकटं टाकून कोण गेलं असतं?"

मी कप खाली ठेवला. त्याची माय भेटली की दरवेळी मला सांगायची, "आते लाईट जात नही, त्याले सांग ना." मी मान डोलवायचे. कोणत्या तोंडानं सांगणार होते?

निघताना तो त्याच्या अंधाऱ्या घरात एकदा आत गेला. मीटर सकाळीच काढून नेलेलं. आतून हसत हाक मारली, "तुमनाकडे लाईट शे का?"

"शे," मी म्हटलं.

पहिल्यांदाच खरं बोलले. आता कुणाला त्याचा उपयोग, सांगा?