भरलेल्या घराचा दाखला

कणगीतून दाणे काढले की याहा त्यातली एक चिमूट परत आत टाकायची. रोज. बाहेर अजून तांबडं फुटत असायचं, कोंबड्या खुराड्यात कुरकुरत असायच्या, आणि ती कणगीचं झाकण सरकवून हात आत घालायची. ओंजळ सुपात, चिमूट परत. उन्हाळ्याच्या तोंडाला दाणे तळाशी जायचे, तेव्हा ती खांद्यापर्यंत वाकायची, तिचं डोकं दिसेनासं व्हायचं. चिमूट तरीही परत जायची. लहानपणी मी एकदा विचारलं होतं, परतच टाकायचं तर काढतेस कशाला? म्हणाली, "दाण्याला वाटायला नको, हे घर मला हाकलून देतंय."

आमच्या बोलीत आईला याहा म्हणतात. कागदावर ती कमलीबाई वळवी. आमचा पाडा धडगावच्या वर, जीप थांबते तिथून पुढं चालत. बाप मी आश्रमशाळेत असतानाच गेला. त्यानंतर डोंगरउतारावरचं शेत, एक गाय, चार शेळ्या, बापाची आंधळी बहीण म्हणजे आमची फुई, माझी धाकटी बहीण आशा आणि मी, एवढं सगळं याहाच्या अंगावर आलं. ते तिला कधी ओझं वाटलं असेल तर आम्हाला ते कळलं नाही. ती भराभर चालायची आणि चालताना बोलायची, त्यामुळं अर्धं बोलणं वाऱ्यावर जायचं.

दाण्याला कमी म्हणायचं नाही, हा आमच्या घरचा नेम. देवमोगरा माता ही आमची दाण्याची देवी, तिच्या कानावर जातं. शेजारीण रिकामं सूप घेऊन आली आणि कणगीत काही नसलं, तरी याहाच्या तोंडून 'नाही' निघत नसे. "आज कणगी झाकली आहे, उद्या ये," म्हणायची. आणि उद्यापर्यंत कुठून तरी करायचीच. हे मला इतकं सवयीचं होतं, की त्यात काही वेगळं आहे असं कधी वाटलंच नाही. नंदुरबारला एम.ए.ला प्रवेश घेईपर्यंत.

वसतिगृह आणि शिष्यवृत्ती, दोन्हीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा होता. बी.ए. मी बाहेरून परीक्षा देऊन केलं होतं, तेव्हा तो लागला नव्हता. आता तो मिळाला नाही तर फी भरणं आमच्या हातचं नव्हतं. फी नाही तर खोली नाही, आणि खोली नाही तर मी पुन्हा पाड्यावर. दाखल्यासाठी तलाठ्याचा अहवाल लागतो, आणि अहवालासाठी घरच्या माणसाचा जबाब. मी प्रवेशाच्या रांगेत अडकले होते, म्हणून बाजाराच्या दिवशी याहा एकटीच धडगावला उतरली. संध्याकाळी कुणाच्या तरी फोनवरून तिनं कळवलं, "झालं. साहेब चांगला आहे. हसत होता."

दाखला आला तेव्हा साहेब का हसत होता ते कळलं. हुमानं, माझ्या वर्गातल्या मैत्रिणीनं, माझ्या खांद्यावरून मोबाइलमध्ये डोकावून पाहिलं.

"अगं वळवी, तू तर जमीनदारीण निघालीस. आणि काल माझ्याकडून साबण मागून नेलास."

"चुकलं असेल काहीतरी."

"माझ्या अब्बांचं असं चुकलं असतं तर त्यांनी आज मिठाई वाटली असती."

खिडकीतल्या बाईंनी दाखला पाहिला आणि परत सरकवला. उत्पन्न मर्यादेच्या वर. सोमवारपर्यंत दुसरा आणा, नाहीतर फॉर्म बाद. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. माझ्या मागं रांग मोठी होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी घाट चढून धडगावला पोचले. माझा निरोप मिळून याहा आधीच खाली येऊन तलाठ्याच्या खोलीबाहेर बसली होती, पदरात भाजलेले मक्याचे दाणे घेऊन. मला बघून आधी दाणे पुढं केले, मग विचारलं, "काय झालं?"

तलाठी पितांबर आप्पा शहाद्याकडचे. जाड चष्मा, मऊ आवाज. सरकारी बोलायचे ते मराठीत, मनातलं अहिराणीत. त्यांनी जुना जबाब काढला आणि कोतवाल उखाकडं पाहिलं. उखा आमच्या शेजारच्या पाड्याचा. आमची बोली तोच त्यांना समजावून सांगायचा.

"उखा, यास्नी काय सांगं व्हतं त्या दिवशी?"

"सांगितलं ना आप्पा. घर भरलेलं आहे. दाणा मावत नाही. मी म्हटलं, काकी, कमी सांग. तर मला म्हणाली, तुझ्या आईनं तुला हेच शिकवलं का?"

"आणि गुरं?"

"गोठा भरलेला आहे, म्हणाली."

"गोठ्यात आहे काय?"

"एक गाय. शेळ्या."

"तेवढ्यानं भरतो?"

"गोठाच तेवढा आहे, आप्पा."

आप्पांनी चष्मा काढून डोळे पुसले. मावत नाही म्हणजे किती पोती असतील, याचा हिशेब त्यांनी आपल्या सपाटीवरच्या शेतांवरून लावला होता. तिथं मावत नाही म्हणजे खरंच मावत नाही.

"मावशी," ते म्हणाले, "आता सरळ सांगा. घरात दाणा कमी आहे. एवढंच म्हणा. मी नवा जबाब लिहितो, तुम्ही अंगठा द्या, पोरीचं काम झालं."

याहा आपल्या नखांकडं बघत राहिली.

"याहा, म्हण ना," मी म्हणाले. "नुसतं कागदासाठी."

"कागद घरी आणून ठेवशील कुठं?"

"पेटीत."

"पेटी कुठं आहे?"

पेटी कणगीला टेकून होती. बाहेर जीपवाला 'मोलगी, मोलगी' ओरडून प्रवासी गोळा करत होता. मला रडू येत होतं आणि तिचा रागही येत होता. ती माझ्यासाठी काहीही करेल हे मला ठाऊक होतं. शहाद्याच्या मळ्यात तिनं डोक्यावरून केळीचे घड वाहिले होते, ते माझ्या पुस्तकांसाठी. पण हे एक वाक्य तिच्या तोंडून निघणार नव्हतं, आणि ते निघत नाही म्हणून तिच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तिनं माझ्यापासून लपवलं नाही.

आप्पांनी पेनाला टोपण लावलं. "मन्ही माय बी डबा रिकामा शे म्हनी कधी सांगत नई," ते स्वतःशीच म्हणाले. "पण तिला कुणी सरकारी माणूस विचारायला गेला नाही." मग उखाला चहा आणायला पाठवलं.

चहा आला. याहानं बशीत ओतून घेतला. आप्पांनी फुंकर मारता मारता सहज विचारलं, "घरी जेवायला कोण कोण असतं, मावशी?"

याहाचा चेहरा बदलला. माणसांबद्दल ती कितीही बोलू शकायची. फुई आहे, तिला दिसत नाही पण खाते दोघींचं. आशा आश्रमशाळेतून सुटीला येते. दीर-जाऊ कामाला गुजरातला जातात, त्यांची पोरं ठेवून जातात. कापणीला लाह बोलावली की सगळा पाडा शेतात उतरतो, त्या दिवशी सगळ्यांचं जेवण आपल्याकडं. मजुरी द्यायची नाही, पोटभर वाढायचं. खळ्यावर वाटसरू आला तर त्याला सूपभर. पाखरं तर न विचारताच येतात.

"आणि हा उखा?"

"हा? हा तर जेवण झाल्याचं सांगून मग जेवतो."

उखा हसला. आप्पाही. हसता हसता त्यांनी टोपण काढलं होतं.

"एवढ्यांना पुरवून दाणा कुठवर जातो?"

"होळीपर्यंत. होळीला सगळे परत येतात, तेव्हा तर घर नाचतं."

"आणि होळीनंतर?"

"होळीनंतर मी तुमच्या शहाद्याकडं. केळीच्या मळ्यात. तुमच्याकडचं पाणी जड आहे, आप्पा, पचत नाही."

"मळ्यात कुठवर?"

"पाऊस पडेपर्यंत. तोवर कणगीला विसावा देते."

आप्पा लिहीत होते. लिहून झाल्यावर त्यांनी शेत किती, दाणा कुठल्या महिन्यापर्यंत पुरतो, मजुरी कुठं आणि किती दिवस, ते सगळं सावकाश वाचून दाखवलं. उखा आमच्या बोलीत सांगत गेला. याहा मान तिरकी करून ऐकत होती.

"दाण्याला काही बोललात का?" तिनं विचारलं.

"नाही. घरात खाणारे फार आहेत, एवढंच लिहिलंय."

"ते खरं आहे," ती म्हणाली, आणि अंगठा पुढं केला.

सोमवारी खिडकीतल्या बाईंनी नवा दाखला पाहिला आणि शिक्का मारला. मला खोली मिळाली, खिडकीजवळची खाट मिळाली. हिवाळ्यात जीपवाल्यांच्या हातून याहाची गाठोडी यायची. उडीद, मोहाची सुकी फुलं, कधी नुसती लाल मिरची. हुमा गाठोडं सोडताना म्हणायची, "जमीनदारीणबाईंचा माल आला." मिरचीचा ठसका लागून आम्ही दोघी हसायचो. त्या खोलीतला वास मला अजून आठवतो. धुराचा, मोहाचा, आणि ओल्या पुस्तकांचा.

दाखला दर वर्षी नवा काढावा लागतो. दुसऱ्या वर्षी याहा ठेवणीतलं लुगडं नेसून, आम्हा सगळ्यांच्या आधी तयार होती. तलाठ्याच्या खोलीत तिनं न विचारताच खाणाऱ्यांची नावं सांगायला सुरुवात केली. यंदा शेळीला दोन करडं झाली होती, तीही सांगितली.

"मावशी, करडं लिहीत नाहीत," आप्पा म्हणाले.

"का? ती खात नाहीत?"

आप्पांनी काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. दाखला बरोबर आला.

त्याच श्रावणात तिला ताप आला. नदीला पाणी होतं. पाड्यावरच्या लोकांनी तिला झोळीतून रस्त्यापर्यंत आणलं, पण जीप यायच्या आधीच ती गेली. मी पोचले तेव्हा फुई कणगीला पाठ लावून बसली होती आणि आलेल्या प्रत्येकाला जेवून जा म्हणत होती. आता आशाचा कॉलेजचा फॉर्म भरायचा आहे. जबाबाला मी जाणार आहे, उखादादाला सांगून ठेवलंय.

याहाला मी शेवटचं पाहिलं ते करडांच्या जबाबाच्या दिवशीच, धडगावच्या जीप स्टँडवर. मी नंदुरबारला परत निघाले होते, फाइल छातीशी धरून. जीप भरत आली होती. तिनं ड्रायव्हरशेजारी बसलेल्या एका माणसाला हातानं मागं जायची खूण केली. तो कुरकुरत उतरला, आणि ती मला म्हणाली, "पुढं बस. मागं बसलीस की घाटात उलटी होते तुला."