मचूळ पाण्याचा रकाना

“आधी चाखू द्या!” म्हणत तो स्टीलचा पेला पुढे करायचा. घोटभर पाणी तोंडात घोळवायचा आणि ज्याचं पाणी त्याच्याच अंगणात पचकन थुंकायचा. हा माणूस पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपला.

बुलढाण्याच्या कार्यालयात आम्ही गावोगावच्या विहिरींची माहिती संगणकावर चढवायचो. लोक पाण्याला जे म्हणतात तो शब्द इतर भाषांतल्या शब्दांशी जोडायचा, म्हणजे आमची विहीर तेलुगू, गुजराती माणसालाही कळावी. ही जोडणी त्याच्याकडे. चाखल्याशिवाय तो काही जोडायचा नाही. काम तुंबायचं आणि बोलणी आम्ही खायची. विचारलं की, “तुले काऊन घाई बे? तुले प्या लागते का थे पाणी?” तुमच्याही कचेरीत असा एखादा असेलच.

नांदुऱ्याकडच्या एका गावात म्हातारीने त्याला पाणी दिलं. तो थुंकला.

“माह्या पाण्यावर थुकून राह्यला का रे मुडद्या?”

“मंग पिऊ का? मले जगायचं हाय अजून.”

तिचा नवरा किडनीच्या दुखण्याने आत खाटेवर पडलेला. तिने खराटा उचलला. मला मनापासून वाटलं, हाणावाच एक.

त्या गावचं पाणी मचूळ, ना धड गोड ना धड खारं. दिल्लीच्या यादीत मात्र रकाने दोनच, गोड आणि खारं. मचूळ गोडात टाका, असा वरून निरोप आला. ह्याने ते गाव कोरंच ठेवलं. कोरं होतं तोवर शुद्ध पाण्याच्या नळयोजनेत गावाचं नाव टिकून होतं.

“गोड म्हटलं तं नळ येईन का त्यायच्या घरी?” असं फोनवर ओरडत तो तिसरा रकाना मागायचा. एका गावापायी सगळ्या जिल्ह्याचं काम अपुरं दिसायला लागलं. शेवटी साहेबांनी त्याला काढलं. आम्ही कचोऱ्या मागवल्या.

त्याच्या जागी आलेल्या मुलीने तासाभरात जोडणी संपवली. नकाशावर ते गाव सगळ्या भाषांत निळं झालं, गोड पाण्याचं. योजनेतून नाव गळालं आणि ते गावात सांगायचं काम माझ्यावर आलं.

म्हातारीने पेला भरून दिला. “तो थुक्या नाही आला?”

“त्याले काढलं, आजी.” मग पाणी गोड लिहिलंय, आता नळ येणार नाही, तेही सांगितलं.

“आमच्या पाण्याले गोड कोनं म्हनलं रे बापू?”

मला तो खडूस माणूस आठवला आणि तो हवा होता असं वाटलं, ह्याचाच राग आला. मी घोट घेतला. गिळवेना. अंगणातच थुंकलो.

म्हातारीने खराट्याकडे पाहिलंही नाही.